ऊन उतरलं का बघा

"अहो, ऊन उतरलं का बघा."

आसाराम खाटेवरून उठला, वहाणा चाचपल्या, दारापर्यंत गेला आणि समोरच्या बन्सीच्या सायकल दुकानाचा पत्रा पाहिला. पत्रा पांढरा पडला होता. "नाही अजून," तो म्हणाला, "पत्र्यावरच आहे." मग मागे वळता वळता त्याला आठवलं, की चांगुणा दिवाळीच्या आधीच गेली, आता फाल्गुन चालू आहे, खोलीत कोणी नाही, आणि आपण उत्तर दिलं. हात कडीवर तसाच राहिला. कडी तापली होती, पण ती सोडायचं सुचेना. आवाज तिचाच होता. तिच्याएवढा जाड नाही, बारीक, आडाच्या तळातून आल्यासारखा. पण 'अहो' म्हटल्यावरचं तिचं ते थबकणं, 'उतरलं'ला किंचित वर चढणं आणि 'बघा' हा शब्द भरला तांब्या जमिनीवर ठेवावा तसा अलगद ठेवून देणं, सगळं जिथल्या तिथे होतं. माणूस गेल्यावर चेहरा फोटोत राहतो, वास लुगड्यांत राहतो. आवाज सगळ्यांत आधी जातो. मागे एकदा वाचनालयात बसल्या बसल्या त्यानं चांगुणाचा आवाज आठवायला घेतला, आणि आठवला तो शेजारच्या लंकाबाईचा. वर्तमानपत्राची घडी घालून तो उठला होता आणि माळीवाड्याच्या वेशीपर्यंत उगाच चालत गेला होता.

उंबऱ्याबाहेर भिंतीलगतच्या चिंचोळ्या सावलीत छबूबाईची बनी बसली होती. आठेक वर्षांची, केस अगदी बारीक कापलेले, कारण डोक्याला फणी लागली की ती जीव गेल्यासारखी किंचाळायची. रॉकेलच्या डब्याचं झाकण फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवायचं, ते पडेपर्यंत बघायचं, पुन्हा फिरवायचं. तिनं वर पाहिलं नाही. पाहायचीच नाही ती. आसाराम तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे वाजले. "बनी," तो म्हणाला, "काय म्हणालीस?" झाकण फिरत राहिलं. ते कलंडलं, आणि चांगुणा म्हणाली, "अहो, ऊन उतरलं का बघा."

छबूबाई आणि तिचा नवरा सहादेव तिसगावकडचे. पाऊस लागोपाठ चुकल्यावर शेताला कुलूप नसतं म्हणून ते तसंच उघडं टाकून नगरला आले आणि या खोल्यांच्या ओळीत शेवटची खोली धरून राहिले. सहादेव बाजार समितीत हमाली करायचा, छबूबाई आडतीवर धान्य निवडायला जायची. पहिल्याच आठवड्यात ती पोरीला घेऊन चांगुणापुढे उभी राहिली होती. "मावशी, हिचा तरास काय न्हाई, पर येकटी सोडवत न्हाई. हाक मारली तर वळून बघत न्हाई ही." चांगुणानं सूप बाजूला ठेवलं होतं. "सोड माझ्याकडं. मलाही दुपार खायला उठते." तेव्हापासून दुपारी बनी इथेच. आसाराम त्या वेळी वाचनालयात असायचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते त्याचं ठरलेलं होतं. परत यायचा तेव्हा दोघी खोलीत असायच्या, चांगुणा काहीतरी निवडत, बनी झाकण फिरवत, आणि चांगुणा तिच्याशी बोलत. उत्तराची वाट न पाहता बोलायची, देवाशी किंवा गाईशी बोलावं तसं. बनी बोलत नव्हती. 'आई' सुद्धा म्हणाली नव्हती.

चांगुणाच्याच हट्टामुळे गेल्या उन्हाळ्यात ते सगळे पुण्याहून आठवड्याला येणाऱ्या एका मुलांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्यानं बनीला किल्ल्यांचा जुडगा दिला, तिनं त्यातली एक किल्ली डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून हलवली, आणि तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं एक इंग्रजी शब्द सांगितला. ऑटिझम. आसारामनं तो दोनदा म्हणून घेतला, नव्या मुलाचं नाव हजेरीत घेताना म्हणावं तसा. ही मतिमंद नाही, डॉक्टर म्हणाला. किंवा असेलही, ते वेगळं. पण ही स्वतःपाशीच राहते. अशी काही मुलं बोलतच नाहीत, काही ऐकलेलंच पुन्हा म्हणतात, काही तर थांबता थांबत नाहीत, एकाच विषयावर बोलत सुटतात. मूळ एक, पण दोन मुलं एकमेकांसारखी मिळायची नाहीत. इथपर्यंत आसाराम मान हलवत होता. मग डॉक्टर थोडा चाचरला आणि म्हणाला, अशा मुलांच्या आया मनानं थंड असतात, असं पुस्तकांत आहे.

"थंड म्हंजी?" छबूबाईनं विचारलं.

उत्तर चांगुणानंच दिलं होतं. "डॉक्टर, हिनं पोरीला पोटाशी बांधून ऊस तोडलाय. थंडीत, पहाटेचा. थंड हिला कधी राहता आलं?" डॉक्टरनं चष्मा काढून पुसला होता. परत येताना टांग्यात छबूबाई बनीचं पाऊल तळहातात धरून बसली. बनी पाऊल ओढून घेत होती, ती पुन्हा धरत होती.

एकाच विषयावर बोलत सुटतात, हे ऐकताना आसारामला मच्छिंद्र दिसला होता. मच्छिंद्र सहादेवचा धाकटा भाऊ. लग्नाचं वय होऊन गेलेला, लाउडस्पीकरवाल्याकडे कामाला. येता जाता कोणालाही धरायचा. "गुरुजी, भोंग्याचं तोंड कदी भिंतीकडं करू ने. आवाज मागं येतो आन माईक शिट्टी मारतो." आपण निघालो तरी तो मागून बोलत यायचा, आपल्या खांद्याच्या जरा बाजूला कुठेतरी बघत. बाया त्याची मजा करायच्या. लंकाबाई नळावर म्हणायची, "मच्छिंद्रा, आता बायको कर रं, भोंगे मोजायला व्हईल." तो गंभीरपणे म्हणायचा, "भोंगे मोजायला बायको लागत न्हाई. मालकाकडं चारच हायेत." आणि बाया हसल्या की का हसल्या ते त्याला कळायचं नाही. भोंग्यांत राहणारा हा माणूस, पण ताटावर ताट घासलं की दोन्ही अंगठे कानांत घालून पंजे पसरायचा. बनी बन्सीच्या पंपाचा फुसकारा ऐकला की तसेच अंगठे घालायची, तसेच पंजे पसरायची. एक बोलून बोलून माणसाला लांब ठेवायचा, एक न बोलता. आसारामला नोकरीच्या गावांतले चेहरे आठवायचे. काष्टीच्या शाळेत एक पोरगा होता, सगळी कविता धडाधड म्हणायचा आणि नाव विचारलं तर कवितेची पहिली ओळ पुन्हा सुरू करायचा. कोल्हारला एक होता, नदीतले गोटे रंगाप्रमाणे लावायचा, कोणी एक हलवला तर डोकं भिंतीवर आपटायचा. तिसरा कोणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेकडे या सगळ्यांसाठी 'ढ' एवढंच अक्षर होतं आणि मागचं एकच बाक होतं. त्या बाकावर तिघं तीन दिशांना तोंड करून बसले आहेत, असं त्याला अलीकडे झोपेत दिसायचं.

बनी चांगुणाच्या आवाजात बोलली, त्या दिवसापासून आसाराम वाचनालयात गेला नाही. दुपारी छबूबाई अजूनही पोरीला याच दारात सोडायची; ती गेली की तो बनीला आत घ्यायचा, दार लोटायचा आणि वाट बघायचा. वाक्य येई तेव्हा येई. मग त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक वाक्याला किल्ली आहे. दारात पायांचा आवाज झाला की, "पाय पुसून आत ये." स्टोव्ह पेटवला की, "वाती बदलायला झाल्या बघा." फडताळातल्या पितळी डब्याचं झाकण नुसतं वाजलं की, "अहो, ऊन उतरलं का बघा." या शेवटच्या वाक्याचं कोडं त्याला लवकरच उलगडलं. शिकवण्यात जन्म गेलेला माणूस तो. चांगुणा ऊन उतरल्यावर बनीला डब्यातला गूळ द्यायची आणि दोघी पायरीवर बसायच्या. तेव्हा आसाराम नुकताच परतलेला असायचा आणि चांगुणा त्याला उन्हाचं विचारायची. बनीला ऊन नको होतं, आसाराम नको होता. तिला गूळ हवा होता. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूला तिनं ते अख्खं वाक्य नाव म्हणून लावलं होतं, दुसऱ्याची पासोडी पांघरावी तसं. आता झाकण उघडायचं, 'गूळ' म्हणायचं आणि खडा तिच्या हातावर ठेवायचा. पुन्हा गूळ, पुन्हा खडा. मूल शब्दापर्यंत असंच येतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

तो डबा मांडीवर घेऊन बसला. झाकणावर हात दाबून ठेवला. बनीची बोटं त्याच्या बोटांखालून शिरायला बघत होती. "अहो, ऊन उतरलं का बघा." त्यानं डोळे मिटले. "अहो, ऊन उतरलं का बघा." बोटं आता ओरबाडत होती. अजून एकदा, तो मनात म्हणाला; अजून एकदाच.

लंकाबाईनं हे खिडकीतून ऐकलं. "आगं बया! ही तर चांगुनाबाईच की!" संध्याकाळपर्यंत ते ओळीभर झालं. दुसऱ्या दिवशी लंकाबाई पदर डोक्यावर घेऊन, हळद-कुंकू घेऊन आली आणि दारातच उभी राहून बनीला म्हणाली, "चांगुनाबाई, माझी तांब्याची कळशी तुमच्याकडं हुती. ती कुठं ठिवली तुमी?"

"पाय पुसून आत ये," बनी म्हणाली.

लंकाबाई चरकली. मागे सरली, पोत्यावर पाय खसाखसा पुसले आणि दोन्ही हात जोडून आत आली. आसारामला हसू यायला हवं होतं. कळशी चांगुणानं परत केली होती, त्याच्या देखत. लंकाबाईच्याच पोरानं ती घरी नेली होती. पण तो काही बोलला नाही. लंकाबाईच्या चेहऱ्यावरची भीती त्याला आवडली. त्या भीतीत चांगुणा खोलीत होती.

चैत्र लागला तेव्हा बनी पायरीवर पडली. गुडघा फुटला, रक्त पोटरीवरून खाली आलं. ती रडली नाही. रडायची तशीही कमीच. ती उठून बसली, डावा हात बरगडीखाली दाबला, दातांतून हवा आत ओढली, आणि आसारामनं आयुष्यात कधी न ऐकलेलं वाक्य चांगुणाच्या खालच्या आवाजात म्हणाली, "सांगू नको हं त्यांना. उगाच घाबरतील."

तो फडका ओला करून आणत होता. फडक्यातलं पाणी पायांवर ठिबकत राहिलं. हे वाक्य त्याला सांगितलेलं नव्हतं. तो वाचनालयात वर्तमानपत्राच्या दांडीला धरून दुष्काळी कामांच्या बातम्या वाचत होता, तेव्हा या खोलीत, या फरशीवर ते बोललं गेलं होतं. एकदा नाही. एकदा ऐकून बनीच्या तोंडात काही बसत नसे. बऱ्याच दुपारी बोललं गेलं असणार. त्याला आठवू लागलं आणि जे आठवत होतं ते सगळं साधं होतं. चांगुणा चौकटीला धरून उभी आहे, "काय गं?" "काही नाही, पित्त झालंय." चांगुणा भाकरी थापता थापता थांबली आहे आणि तव्यावरची जळते आहे. चांगुणा तिसऱ्या प्रहरी भिंतीकडे तोंड करून निजली आहे आणि तो तिच्या पाठीला म्हणतो आहे, आज ऊन फार होतं ना. पुढे दवाखान्यात पोट उघडून पुन्हा तसंच शिवलं, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, हे फार दिवसांचं असणार, यांना कळ यायची नाही का? आणि तो ठामपणे म्हणाला होता, "नाही, तिला काही त्रास नव्हता. मला सांगितलं असतं तिनं." सांगितलं होतं तिनं. ज्याच्याकडून कोणाला कळणार नाही अशा एकाच जीवाला सांगितलं होतं.

मग तो विचारू लागला. दार लोटून, बनीसमोर बसून, हळू. "कधीपासून दुखत होतं तुला?" झाकण फिरत होतं. "रात्री पण दुखायचं? मी जागा असताना?" बनीनं तोंड फिरवलं. "मला का नाही सांगितलंस? मी घाबरलो असतो तर घाबरलो असतो." दारात सावली पडली. मच्छिंद्र वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवून उभा होता, कधीपासून कोण जाणे.

"गुरुजी," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "भोंग्याला इचारून काय हुतं? भोंगा ऐकत नसतो. इचारायचं तर माईकवाल्याला इचारायचं. माईकवाली तर मेली."

"चालता हो," आसाराम म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

मच्छिंद्र हलला नाही. "चालतो," तो म्हणाला. "पर कुठं?"

तो खरंच विचारत होता. आसारामनं कपाळाला हात लावला. मच्छिंद्रच्या बोलण्यात काटा नसायचा, हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच ते खोल रुतलं. तेवढ्यात मच्छिंद्र वायरीच्या जोडाबद्दल बोलायला लागला होता.

वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी छबूबाई आली. आडतीवरची धूळ तिच्या भुवयांवर तशीच होती. ती खाली बसली, बराच वेळ फरशीवरचा दाणा नखानं हलवत राहिली. लंकाबाईच्या माहितीतला एक भगत होता, तिसगावच्या अलीकडे एका वस्तीवर. मिरच्यांची धुरी देतो, निरगुडीच्या फोकानं झोडतो. अंगातलं निघून जातं. लंकाबाईच्या भाचेसुनेचं गेलं. ती सून पुढे बोलेनाशी झाली, पण गेलं.

"गुरुजी, मावशीनं माझ्या पोरीला लई जीव लावला. मी त्यांना काय वंगाळ बोलत न्हाई," ती म्हणाली. "पर माझी पोर मला कवा आय म्हनली न्हाई. आन आता बोलती तर दुसऱ्याचंच. तुमी सांगा मावशीला. तुमचं ऐकतील त्या. माझी पोर सोडा म्हनावं." तिनं वर पाहिलं. "न्हाईतर तुमी येवढं म्हना, का ही मावशी न्हाईच. तुमी शिकल्याले. तुमी म्हनला तर मी न्हाई नेत. लंकाबाईला सांगती, गुरुजी न्हाई म्हनत्यात."

एवढंच म्हणायचं होतं. ही चांगुणा नाही. तीन शब्द, पहिलीच्या मुलालाही वाचता येतील. धूर त्याच्या डोळ्यांपुढे होता, मिरचीचा ठसका होता, जिला फणी सोसत नाही तिच्या अंगावर निरगुडीचा फोक होता. आणि फडताळात पितळी डबा होता. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "उद्या बघू." छबूबाईनं मान डोलावली, पदरानं तोंड पुसलं आणि गेली. 'बघा'. 'बघू'.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं भगताकडे निघायचं होतं. लंकाबाई नवं कोरं पातळ नेसून पायरीवर उभी होती, नारळाची पिशवी हातात. छबूबाई बनीला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी पोर, पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. बनी सकाळपासून तेच म्हणत होती. "सांगू नको हं त्यांना. उगाच घाबरतील. सांगू नको हं त्यांना." बारीक, खालच्या आवाजात, मध्ये दातांतून हवा ओढत, थांबत नव्हती.

"बगा," लंकाबाई म्हणाली, "न्यायचं ठरल्यावर कशी गयावया कराय लागली. तिला कळलंय. सांगू नको म्हनती. भगताला सांगू नको म्हनती."

आसाराम चौकटीला धरून उभा होता. इतके दिवस तो डोळे मिटून ऐकत आला होता. मिटल्याशिवाय चांगुणा नीट येत नसे. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती तरी या वेळी त्यानं ते उघडे ठेवले. बनीचा हात कानावर होता. एकच हात, एकाच कानावर. अंगठा आत नव्हता. पंजा पसरलेला नव्हता, मुठीसारखा आवळलेला होता. मान त्या बाजूला कलली होती. गाल तापून काळसर झाला होता आणि छबूबाईच्या खांद्यावर, चोळीच्या शिवणीशी, पिवळट डाग पडला होता. पायरीवर पडली तेव्हा हेच वाक्य. होळीनंतर ताप आला तेव्हाही हेच पुटपुटत होती, छबूबाईनं मागाहून सांगितलं होतं. ज्या माणसाजवळ ती दुपारभर बसायची ते माणूस कळ आली की हे म्हणायचं. बनीला कळेचं हेच नाव माहीत होतं.

तो पायरी उतरला. "खाली ठेव तिला," तो म्हणाला.

"गाडी जाईल, गुरुजी," लंकाबाई म्हणाली.

"जाऊ दे. छबू, खाली ठेव." त्यानं बनीच्या मुठीला हात लावला नाही. कानामागे फक्त बोटाचं टोक टेकवलं. बनी अशी किंचाळली की बन्सी पंप टाकून दुकानाबाहेर आला. ती किंकाळी कोणाचीच नव्हती, तिची होती. कानातून पू गालावर आला.

"हिचा कान फुटलाय," आसाराम म्हणाला. "दुखतंय तिला. तेच सांगतेय सकाळपासून."

"मंग मावशीच्या आवाजात का सांगती?" लंकाबाईनं विचारलं. तिच्या प्रश्नात लबाडी नव्हती.

समोरचा पत्रा तळपत होता. "चांगुणा नाही ही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, कारण पहिल्यांदा ते नीट बाहेर पडलं नव्हतं. "चांगुणा नाही. चांगुणा गेली. बनी आहे ही. तिला दुसरे शब्द कोणी दिलेच नाहीत, म्हणून जे ऐकलं ते वापरते. मला माहीत होतं. बरेच दिवस माहीत होतं."

छबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं काय करायचं ते त्याला कळलं नाही. मग ती खाली बसली आणि पदराचं टोक थुंकीनं ओलं करून पोरीचा गाल टिपू लागली. "मला सांगत हुतीस व्हय गं," ती म्हणाली, "सकाळधरनं मला सांगत हुतीस?" लंकाबाईनं नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मच्छिंद्र कुठूनतरी आला आणि टांगा बोलावून दवाखान्यापर्यंत सगळी वाट बोलत राहिला, की भोंग्यात पाणी गेलं की आवाज फाटतो, मग कापूस घालून सुकवावा लागतो. आणि कोणीही त्याला गप्प केलं नाही.

कानात थेंब घालायचे दिवस संपले आणि आसारामनं डब्याचं झाकण उघडलं. "गूळ," तो म्हणाला आणि खडा लगेच बनीच्या हातावर ठेवला. ती वाक्य म्हणायला लागे, त्याच्या आधीच तो 'गूळ' म्हणून देऊन टाकायचा. कुठे खरचटलं, ठेच लागली, की तिथे बोट ठेवून विचारायचा, "दुखतंय का, बनी?" आधी घसा खाकरून, शेवट जरा वर उचलून, वर्गात विचारायचा तसं. पुष्कळ दिवस काही झालं नाही. मच्छिंद्र येऊन पाहायचा आणि सांगायचा की काही होत नाहीये. छबूबाई कामावरून आली की दारात उभी राहून तिघांकडे बघायची, आणि पोरीला नेताना गुरुजींशी पूर्वीसारखं बोलायची नाही, आवश्यक तेवढंच. मग एकदा डब्याकडे बघत बनी म्हणाली, "गूळ." उन्हाचं वाक्य विरळ होत गेलं. शेवटचं कधी आलं ते त्याला सांगता आलं नसतं. एके दिवशी पत्र्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं, की ते येऊन बराच काळ झाला, आणि त्यानं मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं. 'अहो'नंतरचं थबकणं किती लांब होतं, याबद्दल आता खात्री नव्हती.

गणपती जवळ आले तसा मच्छिंद्र कामात बुडाला. एका दुपारी आसारामनं ट्रंक ओढली. चांगुणाची लुगडी गोधडीसाठी छबूबाईला द्यायची त्यानं ठरवलं होतं. वरचं हिरवं काढलं, खालचं अंजिरी काढलं. वास नव्हता; नुसता डांबरगोळ्यांचा होता. तो ट्रंकेच्या काठावर बसला. बनी उंबऱ्याशी झाकण फिरवत होती. झाकणाचा आवाज थांबला.

घसा खाकरल्याचा आवाज आला. "दुखतंय का, बनी?"

तो त्याचाच आवाज होता. बारीक, लांबून आलेला, शेवट वर उचललेला. शाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं ऐकू आलेला आणि त्याला स्वतःला कधीच न आलेला. उद्या आपण नसू तेव्हा या दारात हा आवाज असाच उभा राहील. तो धडपडत उठला, तिचा कान पाहिला, दुसरा पाहिला, गुडघे, तळवे, कपाळ. कपाळ गार होतं. बनीनं वैतागून मान फिरवली आणि त्याचा हात झटकला. तिला काही झालं नव्हतं. तो परत काठावर बसला, अंजिरी लुगडं मांडीवर घेतलं, आणि उंबऱ्याशी पुन्हा घसा खाकरला गेला.

"दुखतंय का, बनी?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानं खाली पाहिलं. डावा हात बरगडीखाली दाबून धरलेला होता, केव्हापासून कोण जाणे, जसा चांगुणा तिसऱ्या प्रहरी धरून बसत असणार.

त्यानं हात तिथेच राहू दिला.

"हो," तो म्हणाला. "दुखतंय."

बनीनं झाकण उचललं आणि फिरवलं.